दोन विहिणी तलासरीच्या वाटेवर

मी पुण्याची, नाना पेठेतली. माझ्या विहीणबाई शुभांगी रेडकर मुंबईच्या, परळच्या. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, त्या घरी शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या. माझ्या मुक्ताचं त्यांच्या अनिकेतशी लग्न झालं त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत आम्ही दोघी एकदाही भांडलो नाही आणि एकदाही एकमेकींचं ऐकलं नाही. लग्न मुंबईत करायचं की पुण्यात, यावर इतकी चर्चा झाली की शेवटी ते लोणावळ्यात झालं. तिथेही त्या म्हणाल्या, "घाटाखाली असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "वर चढून आल्याशिवाय हवा चांगली मिळत नाही, विहीणबाई."

मुलांनी मात्र आम्हा दोघींच्या हातावर तुरी दिल्या. अनिकेत शेतकी शिकलेला. भात आणि नागलीच्या गावठी बियाण्यांचं काम करायला तो डहाणू तालुक्यात गेला आणि तिथेच रमला. मुक्ताने तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या शाळेत नोकरी धरली. ना पुणे, ना मुंबई. आम्ही दोघी म्हणायचो, होईल हौस पुरी, येतील परत. फक्त कुठे परत येतील, यावर आमचं एकमत नव्हतं.

मग २०१८च्या हिवाळ्यात तिकडची जमीन हलायला लागली. एक धक्का, मग दुसरा, मग आठवड्यात कितीतरी. बातम्यांत घरांच्या भेगा दिसायच्या, थंडीत अंगणात झोपलेली माणसं दिसायची. फोन केला की मुक्ता म्हणायची, "आई, सवय झाली आता." लेकीला भूकंपाची सवय झाली हे ऐकून कुठल्या आईला बरं वाटेल? मी परळला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं: जायचं आणि दोघांना घेऊन यायचं. कुठे घेऊन यायचं, तो विषय आम्ही दोघींनीही फोनवर काढला नाही.

डहाणू रोड

नवीन वर्ष लागून महिना उलटला होता. आम्ही शनिवारी दुपारी डहाणू रोड स्टेशनवर भेटलो. माझ्याकडे दोन पिशव्या, त्यांच्याकडे एक बॅग आणि खांद्यावर निळ्या ताडपत्रीची भली मोठी वळकटी.

"हे काय?" मी विचारलं.

"ताडपत्री. पोरं उघड्यावर झोपतात ना. पण तुमच्या पिशवीतून ते काय डोकावतंय?"

मी दोन हेल्मेटं आणली होती. घरात असताना धक्का बसला तर चटकन डोक्यावर चढवायला. त्या हिवाळ्यात पुण्यात हेल्मेटसक्तीवरून रण पेटलं होतं, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. विहीणबाईंनी एक हेल्मेट हातात घेतलं आणि उन्हात फिरवून पाहिलं.

"पुण्याचं हेल्मेट! एक चरा नाही ओ. कधी कुणाच्या डोक्याला लागलेलंच दिसत नाही."

"आमच्याकडे डोक्याच्या आत अक्कल असते," मी म्हटलं. "वरून झाकावं लागत नाही."

ताडपत्री बांधायला दोरी हवी म्हणून त्यांनी मला बाजारात नेलं. दोन वाजले होते आणि बाजार चिडीचूप. एकामागून एक शटर खाली. दोरखंड विकणाऱ्या एका दुकानाच्या पायरीवर म्हातारे मालक पेपर वाचत बसले होते. विहीणबाईंनी फक्त दोरीच हवी म्हणून विनवलं. ते गुजराती वळणाच्या मराठीत शांतपणे म्हणाले, "चार वाजता उघडू ना, बेन. आत्ता तर जेवण झालं."

माझी छाती अशी काही फुगली म्हणता! "बघा," मी म्हटलं, "सुधारलेलं गाव आहे."

दोन तास आम्ही एका चहाच्या टपरीवर काढले. तिथला मुलगा गिऱ्हाइकाशी गुजरातीत, भावाशी हिंदीत आणि आमच्याशी मराठीत बोलत होता, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना तो क्षणभरही अडखळत नव्हता. पुण्यात आम्हाला एकच मराठी शुद्ध वाटते, आणि मुंबईत चार भाषा मिसळून एकच होते. इथे तिन्ही आपापल्या जागी स्वच्छ होत्या. हे मी विहीणबाईंना सांगितलं आणि नवल म्हणजे त्यांनी मान डोलावली.

अनिकेत ओळखीच्या माणसाची इको गाडी घेऊन आला. हायवेला लागल्यावर त्याने एके ठिकाणी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला मडकी उपडी घालून भोवती जाळ केला होता. मडक्यातून पापडी, कंद, रताळी निघाली, हिरव्या मसाल्याचा आणि धुराचा वास घेऊन. याला तिकडे उंबाडियू म्हणतात. थेंबभर पाणी न घालता शिजलेली ती पापडी तोंडात ठेवली आणि आम्ही दोघीही गप्प झालो. गिरगावची, परळची, नाना पेठेची, कसलीच तुलना कुणी काढली नाही. अनिकेत हसून म्हणाला, "मम्मी, पुण्याच्या आई, तुम्ही दोघी गप्प बसलात, ही बातमी मुक्ताला फोनवर कळवतो."

कोसबाड

रविवारी मुलांनी आम्हाला कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वर गेलं की एका बाजूला चिकूच्या वाड्या थेट समुद्रापर्यंत उतरत जातात, इतक्या दाट की खाली घरं आहेत हे धुरावरूनच कळतं. दुसऱ्या बाजूला भाताची कापलेली खाचरं आणि त्यामागे निळे डोंगर. "माझी गावं तिकडे," अनिकेतने डोंगराकडे बोट दाखवलं. तिथल्या एका आजीने पेरायची नागली तीस वर्षं कणगीत राखून ठेवली, दरवर्षी नवी भरत आली, आणि आता तेच बी तो शेजारच्या पाड्यांना वाटतो. सांगताना त्याचा चेहरा असा होता की माझा जावई असूनही मला तो नव्याने दिसला.

पण आम्ही सहलीला आलो नव्हतो. झाडाखाली बसून चिकू खाता खाता मी विषय काढला. पुण्यात माझी एक मैत्रीण मुख्याध्यापिका आहे. तिच्या शाळेत विज्ञानाची जागा रिकामी होणार होती. अर्ज मी सोबतच आणला होता. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या चाळीत समोरची खोली रिकामी आहे. मालकांशी बोलून ठेवलंय मी."

"म्हणजे तुम्ही मला न सांगता—"

"तुम्ही तरी मला कुठे अर्जाचं सांगितलं ओ?"

मुक्ताने दोघींकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, धक्के सुरू झाले तेव्हा माझ्या वर्गातली पाच मुलं यायची बंद झाली. एकेकाच्या घरी चार-चार खेपा घातल्या तेव्हा ती परत आली. आता मीच गेले तर त्यांच्या घरचे काय म्हणतील? बाईसुद्धा घाबरल्या."

"घाबरायचंच असतं," मी म्हटलं. "मी त्यांची आई नाही. मी तुझी आई आहे."

टेकडी उतरताना आम्ही चौघं एकापाठी एक चाललो होतो. मध्ये दरी पडावी तसं वाटत होतं. विहीणबाई आणि मी एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला.

पाड्यावरची शाळा

सोमवारी आम्ही दोघी मुक्ताबरोबर शाळेत गेलो. शाळेची दोन खोल्यांची इमारत भेगाळली होती, म्हणून वर्ग बाहेर जांभळाखाली भरत होते. ऊन पानांतून खाली येत होतं. विहीणबाईंनी आपली ताडपत्री मुक्ताच्या हवाली केली होती. मोठ्या मुलींनी ती दोन झाडं आणि दोन बांबू यांना ताणून बांधली आणि बघता बघता सावलीचा मांडव उभा राहिला. "मुंबईवाल्यांना पावसाने एवढं शिकवलंय," विहीणबाई म्हणाल्या आणि पदर खोचून मुलांच्या रांगेत जमिनीवर बसल्या. माझी हेल्मेटं मुलांनी डोक्यावर घालून घालून फिरवली आणि शेवटी एकात कुणीतरी रानफुलं भरून आणली.

मुक्ता शिकवायला लागली. जमीन का हलते, हाच धडा. हातात दोन सपाट दगड घेऊन तिने एकमेकांवर घासले. "बाहेर असलो तर काय करायचं?" "उघड्यावर जायचं! झाडाखालून बाहेर!" मुलं ओरडली. "आत असलो तर?" "बाकाखाली, बाय! डोकं धरून!" कुणाचा आवाज घाबरलेला नव्हता. पाढे म्हणावेत तसं ते म्हणत होते.

माझे गुडघे जमिनीवर बसून दुखायला लागले. शेजारी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, प्रमिला नावाची. तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, हसली की पुढचा दात पडलेला. मी तिला हळूच म्हटलं, "बाळ, आत खुर्ची आहे का गं एखादी?" ती लगेच उठली आणि इमारतीकडे पळाली. आत जायला मुलांना मनाई होती. मला ते माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. पण पाहुणीने मागितलं, नाही कसं म्हणायचं?

आधी आवाज आला. दूर खाणीत सुरुंग फुटावा तसा, पण पायाखालून. मग जमिनीने एक हिसका दिला. ताडपत्री फडफडली, पाण्याची कळशी आडवी झाली. मुलं उठून मैदानात पळाली, खरोखर पळाली, धक्काबुक्की न करता. कौलं वाजत होती. इमारतीतून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला आणि दारातून धुळीचा लोट बाहेर पडला.

हे सगळं किती वेळ चाललं? पाच-सहा सेकंद असतील. मला अजून ते मोजता येत नाहीत.

मुक्ता मुलं मोजत होती. मोजून झाली, तिने पुन्हा मोजली. "प्रमिला कुठाय?"

मी इमारतीकडे बोट दाखवलं. "खुर्ची," मी म्हटलं. "मी तिला..."

मुक्ताने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी जागचं हलायचं नाही," ती मुलांना म्हणाली आणि चालत गेली. पळत नाही, चालत. दाराशी थांबून तिने वर तुळईकडे नीट पाहिलं, मग वाकून आत शिरली.

मी ओरडणार होते. मुक्ता, बाहेर ये, म्हणणार होते. विहीणबाईंनी माझा दंड धरला, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. त्या पुटपुटत होत्या, "येईल ओ, येईल ती."

आतून मुक्ताचा आवाज आला. "प्रमिला, मी आलेय. बाकाखाली आहेस ना? शाब्बास. हात दे." मग काहीतरी सरकवल्याचा आवाज. मग शांतता. आणि मग धुळीने पांढऱ्या झालेल्या दोघी दारात आल्या. मुक्ताच्या कडेवर प्रमिला, आणि प्रमिलाच्या कपाळावर छोटीशी खोक. भिंतीचा गिलावा मोठ्या तुकड्यांनी त्याच बाकावर पडला होता. बाकाच्या खाली ती डोकं धरून बसली होती, शिकवलं होतं तशीच.

मी प्रमिलाला जवळ घेतलं आणि रडायला लागले. ती मला म्हणाली, "खुर्ची नाय आणली, आजी."

मुक्ताने तिची जखम धुतली, पट्टी लावली, पुन्हा एकदा सगळ्यांना मोजलं. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "आपण कुठे होतो?" एक मुलगा म्हणाला, "बाय, दगड घासत होतो." आणि माझ्या लेकीने खाली पडलेले ते दोन दगड उचलून धडा पुरा केला.

मी घाबरले होते, माझी मला लाज वाटत होती, पण या सगळ्याच्या वर आणखी एक गोष्ट होती. असा अभिमान मला कधीच वाटला नव्हता. ती बोर्डात आली तेव्हाही नाही, लग्नात नाही. मी हिला सायकल शिकवली, अभ्यास घेतला, पण हे मी शिकवलेलं नव्हतं. हे ती कुठून शिकली?

लाखीबाय

मंगळवारी सकाळी आम्ही मुलांच्या घराच्या अंगणात चहा घेत होतो तेव्हा प्रमिलाची आई आली. लाखीबाय तिचं नाव. शेतमजुरी करणारी, काटक, लुगडं गुडघ्याशी घट्ट नेसलेली. हातात केळीच्या पानात बांधलेली नागलीची भाकरी आणि तुरीच्या शिजवलेल्या शेंगा. ती आम्हा दोघींकडे बघून म्हणाली, "मास्तरीणबायची आय कोणची तुमच्यातली?"

मी उठले. मला वाटलं, आता बोलणी बसणार, आणि ती बसायलाच हवीत. मी म्हटलं, "मी. आणि बाई, तुमच्या पोरीला आत मीच पाठवलं होतं. खुर्चीसाठी. मला माफ करा."

ती म्हणाली, "पोर सांगत होती मला. पोर घरी असती तर घाबरून चुलीपाशी बसली असती, वरून कौलं आली असती. शाळंत गेली म्हणून बाकाखाली शिरली. शहरातून पन्नास बाया आल्या, असं करा, तसं करा सांगून गेल्या. मास्तरीणबाय राहिली." तिने पान माझ्या हातात दिलं. "खाऊन घे. गरम हाय."

आणि तेव्हा विहीणबाई, ज्यांनी चार वर्षांत एका शब्दाची माघार घेतली नव्हती, माझ्या खांद्यावर हात ठेवून लाखीबायला म्हणाल्या, "हिची लेक हाय ती. हिने वाढवलीय. माझ्याकडे नुसती सून म्हणून आली."

"असं कसं?" मी म्हटलं. "तुमच्याकडेही चार वर्षं—"

"गप ओ. मी एकदाच कबूल करतेय. घ्या पदरात पाडून."

लाखीबाय हसली. मग आम्ही तिघी त्या शेंगा सोलत बसलो. भाकरी खरपूस होती, बाजूला लसणीचा ठेचा. अशी भाकरी पुण्यात मिळत नाही, हे मी इथे लिहून ठेवते. मुंबईत तर नाहीच नाही.

मैत्रिणीला मी त्याच दुपारी फोन केला आणि म्हटलं, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. पलीकडे विहीणबाई चाळीच्या मालकांशी बोलत होत्या. "नाही ओ, नको. पोरं नाही येत. का? अहो, त्यांचं काम आहे इथे." शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्यानेच म्हटलं.

झाई

बुधवारी मुलं आम्हाला झाईला घेऊन गेली. महाराष्ट्राचं शेवटचं गाव, पुढे गुजरात. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, बांबूंवर मासे वाळत घातलेले, आणि ओहोटीला समुद्र इतका मागे गेलेला की पाणी आहे की नुसतं चकाकतंय ते कळेना. एका कोळणीने आम्हाला विचारलं, कुठून आलात? मुंबई आणि पुणे, आम्ही एकदमच म्हणालो. "लय लांब," ती म्हणाली, आणि दोन्ही गावांना एकाच वाक्यात बसवून टाकलं. मी बोंबील काट्यासकट खाल्ला, पहिल्यांदाच. घशात अडकला नाही. विहीणबाई म्हणाल्या, "आता तुम्हाला परळला बोलवायला हरकत नाही."

वाळूत पुढे मुक्ता आणि अनिकेत चालत होते. काहीतरी बोलत, हसत. खाली जमीन होती आणि ती कधीही हलू शकत होती, हे आम्हाला माहीत होतं. काळजी गेली नव्हती. ती आजही गेलेली नाही. पण आम्ही दोघी त्यांच्या पाऊलखुणांवर पाय ठेवत मागून चालत राहिलो.

परत येऊन महिना झाला. पूर्वी कुणी विचारलं, मुलगी कुठे असते, की मी म्हणायचे, "सध्या तलासरीला." तो 'सध्या' शब्द मी जरा घाईने म्हणायचे, म्हणजे पुढचे प्रश्न येत नसत. परवा जिन्यात वरच्या मजल्यावरच्या जोशीबाई भेटल्या. त्यांची मुलगी मोठ्या कंपनीत आहे, हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितलं आणि विचारलं, "तुमची मुक्ता?"

"तलासरीला असते," मी म्हटलं. "शाळेत शिकवते."

"तलासरी? ते कुठे आलं हो?"

मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली, दाराचं कुलूप उघडलं आणि म्हटलं, "घाई नाही ना? मग आत या, सगळं सांगते."